माणिकचं उघडं कुलूप

लेकीकडून परतताना धारूरच्या चौकात एसटीतूनच फलक दिसला आणि माणिक गेल्याचं कळलं. त्याचा फोटो पासपोर्टएवढा, श्रद्धांजली वाहणाऱ्या अध्यक्षांचा दाराएवढा. शिसारी आली. महाविद्यालय या अध्यक्षांचं, सहकारी साखर कारखानाही त्यांचाच. महाविद्यालयात माणिक संरक्षणशास्त्र शिकवायचा, मी इतिहास. पहिल्याच तासाला तो मुलांना म्हणायचा, "देशाचं सुरक्षा धोरण म्हंजे तीन सवाल. काय राखायचं, कुनापासून, आन् कशानं? पयला चुकला की सगळी फौज वाया."

दुष्काळाच्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षा धोरणावर लोकांची मतं घ्यायला दिल्लीहून अधिकारी आले. सभागृहात बाटलीबंद पाणी, बाहेर टँकरमागे बायकांची रांग... अध्यक्ष सीमेपलीकडच्या शत्रूवर मनसोक्त गरजले. मग माणिक उठला. "साहेब, गावंच्या गावं ऊसतोडीला गेली. तळ्यात उरलेलं पाणी पोलिस बंदोबस्तात कारखान्याला चाललंय. तुमच्या धोरणात पाणी कुठं हाय?" साहेब म्हणाले, "तो विषय दुसऱ्या खात्याचा." आणि निघताना त्यांनी आम्हाला छापील धोरणाच्या पुस्तिका वाटल्या, वर 'समाजातील सर्व घटकांशी चर्चा करून'! आधी छापलं, मागून विचारलं. निर्लज्जपणाला काही सीमा? पुढच्या वर्षी अध्यक्षांनी माणिकचा विषयच बंद केला.

त्या सभेच्याच दिवशी माणिकच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, दारातल्या पाण्याच्या टिपाडाला, म्हणजे पिंपाला, कुलूप घातलं होतं. गल्लीत सगळ्यांनीच घातलं होतं, कारण पाणी चोरीला जायचं. सभेहून आल्या आल्या माणिकनं ते काढलं. "कावून काढलं वो?" वहिनी कडाडल्या. तो म्हणाला, "कुनापासून राखायचं गं? शेजाऱ्यापासून? मंग आपलंबी धोरण त्यांच्यासारखंच." ते उघडं कुलूप शेवटपर्यंत त्याच्या टेबलावर कागदांवर ठेवलेलं असायचं.

परवा वहिनींना भेटायला गेलो तर अध्यक्ष बसलेले, दारात त्यांचे बंदूकवाले. माणिकच्या नावानं महाविद्यालयात दालन काढायचंय म्हणे, त्यासाठी त्याची एखादी वस्तू हवी होती. "सरांनीच आम्हाला दिशा दिली," असं ते म्हणाले. वहिनी आत गेल्या आणि त्यांनी ते कुलूप आणून अध्यक्षांच्या हातावर ठेवलं.

"ह्ये न्या. तुमाला राखायचं लई हाय."

अध्यक्षांच्या गाड्या गेल्या. वहिनींनी टिपाडातून तांब्या भरून मला दिला. मी पाणी पीत होतो, तेवढ्यात शेजारची सून आली, टिपाडाचं झाकण सारून तिनं कळशी भरली आणि कुणाला काही न विचारता घेऊन गेली.