टाचणीवहिनीचं माप

टाचण्या ओठांत धरायची. तशीच गुणगुणायची. चहा पार गार करून प्यायची. कात्रीला कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि गिऱ्हाईक कितीही जुनं असो, टेप पुन्हा लावायची. "अंग बदलतं बाई. जुन्या मापावर कापलं की वाट लागते!"

सगळी गल्ली तिला टाचणी म्हणे. शेजारी काजं करत बसणारी धाकटी नणंद तेवढी टाचणीवहिनी म्हणे.

पाठदुखीच्या गोळ्यांनी वहिनीला कधी धरलं, तिलाही कळलं नाही. तिला दिवस गेले, तशी ती आपणहून दवाखान्यात गेली. एकदम सोडू नकोस, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या गोळ्यांची ओढ आवरणारं औषध रोज सुरू केलं. मुलगी झाली, गुटगुटीत. "आता सुटलीस!" जो तो म्हणू लागला. कौतुकाला भुलून मुलीच्या आठव्या महिन्यात तिने ते औषध परस्पर बंद केलं.

"बाळंतपणानंतरचं वर्षच जास्त धोक्याचं," असं सांगून नर्सने नणंदेला, गोळ्या जास्त झाल्या तर नाकात मारायचा फवारा देऊन ठेवला होता. तो बटणांच्या डब्यात पडून होता.

महिन्याभराने, भर दुपारी, पाठीत कळ आली. वहिनीने दुकानाच्या कपाटातून जुन्या गोळ्या काढल्या. पूर्वी घ्यायची तेवढ्याच घेतल्या. पण शरीराची सवय मोडली होती, तेवढं आता झेपलं नाही.

मशीन थांबलं. गुणगुणणंही. नणंदेने मान वर केली. वहिनी कापडावर कलंडलेली, ओठ निळे. हाकेला ओ नाही. नणंदेने आधी ओठांतल्या टाचण्या काढल्या. डबा उपडा केला, फवारा मारला, ॲम्ब्युलन्स बोलावली, तोंडाने श्वास देत राहिली.

वहिनीने डोळे उघडले. "नाकात काय घातलंस गं?"

"जीव!" नणंद रडत म्हणाली.

"आणि ही बटणं कोण वेचणार?"

दवाखान्यात नणंदेने तिला धारेवर धरलंच. "जगाची मापं नव्याने घेतेस. स्वतःला जुनंच लावलंस?"

वहिनीने चादरीची उसवलेली शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाली, "गिऱ्हाईक ओळखीचं वाटलं गं."

आता सकाळी आधी दवाखाना, औषध, मग दुकान. लेकीचा त्या दिवशीचा झगा मशीनवर तसाच आहे. एक बाही लागलेली, दुसरीत सुई रुतलेली.

"मी पुरा करू?" नणंदेने विचारलं.

"खबरदार! पोरगी वाढलीये. आल्यावर पुन्हा मापते." मुलीला कडेवर घेऊन, गळ्यात टेप तसाच ठेवून, ती औषधाला गेली.