लाख भागिले तीन

लाखाला तिनाने भाग जात नाही, यात माझा काहीही दोष नव्हता. तरी पंधरा दिवस घरात मला कोणी सुखाने जेवू दिलं नाही.

झालं असं, की बाबांना हिवतापाने धरलं तेव्हा मायने महादेवाला नवस बोलला, "माणूस उठून बसू दे, घरच्या बायांच्या हातानं लाख अखंड तांदूळ वाहीन. साऱ्यायचे सारखे!" बाबा उठून बसले. (उठल्याबरोबर भाजीत मीठ कमी म्हणून ओरडले, म्हणजे पुरतेच बरे झाले!) घरात माझ्या वहिन्या तीन, आणि मी दवनीवाड्याच्या शाळेतला नवा कोरा मास्तर. माय म्हणाली, "तिघींचे वाटे करून दे."

मी ऐटीत पाटी घेतली. प्रत्येकी तेहतीस हजार तीनशे तेहतीस. उरला एक दाणा!

"तो मी वाहीन, मी थोरली," थोरली वहिनी म्हणाली.

"काऊन? बाबायले काढा कोनं पाजला?" मधली.

"मंग मी कायले आली या घरात? धान कुटाले?" धाकटी.

शेवटचा दाणा जिचा, नवस तिच्याच हातून फिटणार, अशी तिघींची खात्री! दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात भात कमी आणि खडे जास्त येऊ लागले. तेवढ्यात बाबा शिंकले. माय घाबरली, "देव वाट पाहून राहिला! कर काही!"

मी अंगणात येरझारा घालत समजावलं, "एकावर पाच शून्यं. आकड्यांची बेरीज एक. भाग जाणार कसा?"

"मंग एखादं शून्य कमी करा नं, भाऊजी!" थोरली म्हणाली.

"कमी करा, नाहीतर वाढवा! दहा लाख वाहिले तरी एक उरतोच!"

दहा लाख ऐकून माय खालीच बसली. मी घाईघाईने तोड काढली, "त्या दाण्याचे तीन तुकडे करू."

"देवाले कणी वाहतं का रे? बापाले पुन्हा आडवं पाडतं?" माय कडाडली. मग म्हणाली, "जाते तरी कितीनं?"

"दोनाने, चाराने, पाचाने..."

"चारानं?"

"हो! पंचवीस-पंचवीस हजार! काहीच उरत नाही!" मी आनंदाने ओरडलो.

मायने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चार भावांत बिनलग्नाचा मी एकटाच! दोन वर्षं मी लग्नाला नाही म्हणत होतो, मला नागपूरला पुढं शिकायचं होतं. मी तोंड उघडणार, तर बाबा पुन्हा शिंकले. महिन्याभरात सालेकसा गावची मुलगी सून होऊन घरात आली.

पहिल्याच सोमवारी चौघी महादेवापुढे बसल्या. नव्या नवरीने मान वर केली. "सासूबाई, एक इचारू? तुमी बसल्या असत्या, तं पयलेच चार होत होत्या नं?"

मी दचकून मायकडे पाहिलं.

"मले तं पयल्याच दिवशी दिसलं होतं," माय शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली. "मास्तरले कवा दिसते, पाहून राहिली होती."