‘वल्हं सोड’ म्हणणारी हाक

मी या ग्रुपवर बरीच वर्षं आहे, पण हसायला. घाटात लिफ्ट मागणारी बाई, रात्री दार वाजवणारा मेलेला काका... जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं आमच्या डिपार्टमेंटमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे, नकला करून. त्याबद्दल माफी वगैरे मागत नाही, कारण इथले निम्मे अनुभव मला आजही थापाच वाटतात. माझाही वाटला तर खुशाल वाटू दे. फक्त कुणाकडे याचं साधं, डोक्याला पटेल असं उत्तर असेल तर सांगा. मला त्याची खरोखर गरज आहे.

मी वैशाली. नाशिकला राहते, सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माहेर इगतपुरी तालुक्यात, एका धरणाच्या अगदी काठावर. धरणाचं नाव देत नाही, नाहीतर रविवारी रील काढायला जत्रा भरेल.

माझे वडील — अप्पा — पाटबंधारे खात्यात त्याच धरणावर होते. खात्याची बोट चालवायचं काम. रिटायर झाल्यावर तिथेच गावात घर बांधलं. मला वल्हवायला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवणं म्हणजे काय, तर काठावर हात मागे बांधून उभं राहायचं आणि ओरडायचं. नियम दोनच. पहिला, ‘वारा सुटला का काठ धर.’ इगतपुरीकडचा वारा ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, धरणाच्या मध्यावर अडकलं तर संपलंच. दुसरा नियम, काहीही झालं तरी वल्हं हातातून सोडायचं नाही. बोट उलटली, तू बुडालीस, तरी वल्हं हातात दिसलं पाहिजे मला! खंडेनवमीला बाकीचे लोक पान्हे-हातोड्या पुजतात, आमच्या घरी वल्ह्याला झेंडू लागायचा. लहानपणी एकदा मी वल्हं काठावर टाकून जेवायला पळाले होते तर त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही. असा माणूस.

तर या मे महिन्यात मी कयाक — एका माणसाची चिंचोळी होडी — घेऊन एकटी रत्नागिरीहून वेंगुर्ल्याला निघाले. समुद्रातून, किनाऱ्याकिनाऱ्याने. तयारी वर्षभर केली होती, शिकायला गोव्याला जाऊन आले होते, उगाच हिरोगिरी नव्हती. चुकलं ते एवढंच, की सुट्टी उशिरा मंजूर झाली आणि पाऊस तोंडावर आला. शहाण्या माणसाने परत फिरावं. मी फिरले नाही. अप्पांशी फोनवर भांडण झालं ते वेगळंच. ‘दर्या म्हंजे धरण नाय वैशे,’ म्हणाले, आणि फोन आपटला.

आणि समुद्र... लोकांना वाटतं समुद्र म्हणजे सूर्यास्त आणि शांती. मला पहिल्या दिवसापासून एकच जाणवत होतं, की मी इथे नकोय. ओठ फुटले, हाताच्या फोडांत मीठ गेलं, दुपारी वारा नेमका तोंडावर. रात्री ज्या पुळणीवर तंबू ठोकावा तिथे कुत्री अंगावर यायची. माणसं त्याहून बरी होती असं म्हणवत नाही. विजयदुर्गला पहाटे कयाक पाण्यात ढकलत होते तर होड्या वर ओढून झाकणारे दोघं-तिघं हात कमरेवर ठेवून बघत होते.

‘खंय चल्लंस गो?’ त्यातला म्हातारा म्हणाला.

‘देवगड.’

‘ह्या दिवसांत? मेलंस तर सोदूक आमकाच जावचा लागतला.’

मेले तर शोधायला त्यांनाच जावं लागेल, याचा वैताग होता हो तो, काळजी नव्हती. मी पाण्याची बाटली भरून मागितली तर एक जण चक्क तोंड फिरवून गेला. मला इतका राग आला की त्या रागातच मी खाडीचं तोंड पार केलं.

विजयदुर्ग सोडल्यावर देवगडपर्यंत बराचसा भाग नुसता कडा आहे. काळा, सरळ पाण्यात उतरलेला. उतरायला जागा जवळपास नाही. लाट कड्यावर आपटते, परत येते आणि पुढच्या लाटेला भिडते, त्यामुळे कड्याजवळचं पाणी उकळल्यासारखं खालीवर होत असतं. म्हणून समुद्रातला नियम आमच्या धरणाच्या बरोब्बर उलटा. वादळ आलं तर किनाऱ्यापासून लांब जायचं, आत, जिथे लाट नुसती उचलते आणि खाली ठेवते. गोव्याच्या सरांनी हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. आणि माझ्या हातांनी काय करावं? कयाकचं नाक सरळ कड्याकडे वळवलं! डोकं ओरडत होतं की आत जा, आत जा, आणि हात मात्र लहानपणीचे. धरणावरच्या माणसालाच होऊ शकते अशी ही चूक आहे, कोळ्याच्या पोराला कधीच होणार नाही. चार-पाच लाटांनंतर मी भानावर आले आणि वळणार, एवढ्यात हाक आली.

‘वैशे! काठ धर!’

अप्पा. आवाज अप्पांचा, चिडका, ‘वैशे’वर तोडून ओरडायची पद्धतसुद्धा तीच. मी बघितलं. कड्याच्या पायथ्याशी एक खडक पुढे आलेला होता आणि त्यावर खाकी शर्टातला माणूस हात मागे बांधून उभा होता. चेहरा दिसत नव्हता एवढं अंतर होतं. पण आपला बाप पाठीवरून, उभं राहण्यावरून, कशावरूनही ओळखता येतो ना?

इथे मला विचारा, की बाई, तुझे वडील तर इगतपुरीला होते, मग तुला शंका नाही आली? नाही आली. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. हुंदका फुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपलं होतं तिथे. मी वल्हवत सुटले त्या खडकाकडे.

‘अजून डावीकडं... हां. ये. लय थकली ना? ये.’

जवळ गेल्यावर दोन गोष्टी दिसल्या. लाट फुटली की पाणी त्या खडकाच्या पार वरून जात होतं, आणि त्याचा शर्ट कोरडा होता. इस्त्रीचा असावा तसा. तरी मी थांबले नाही. कारण अप्पा आहेत ना... मग तो म्हणाला,

‘आता वल्हं सोड. लाट आणील तुला बरोबर.’

मी म्हटलं, काय?

‘टाकून दे ते. सोड.’

बाकी सगळं जमलं होतं त्याला. आवाज, शर्ट, ‘लय’, ‘वैशे’. पण माझ्या बापाच्या तोंडून हे वाक्य येणं शक्यच नाही. मेला तरी नाही. मी मागे वल्हवायला लागले. वळायलासुद्धा वेळ नव्हता, लाटेवर आडवी झाले असते तर तिथेच तुकडे झाले असते. तशीच उलटी, त्याच्याकडे तोंड करून मागे मागे.

तेव्हा तो चिडला. शिव्या द्यायला लागला. अप्पांच्याच आवाजात, पण अप्पांनी उभ्या आयुष्यात उच्चारल्या नाहीत अशा, आणि माझ्या आईवरून. वाऱ्याचा एवढा आवाज होता की मला माझा श्वास ऐकू येत नव्हता, पण त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. कयाक वळवून मी समुद्राकडे सुटले. मान वळवली की तो दिसायचा, दर वेळी पुढच्या एखाद्या खडकावर, माझ्या बरोबर आडव्या रेषेत. चालताना एकदाही दिसला नाही. उभाच असायचा आधीपासून. मग पाऊस कोसळला आणि किनाराच दिसेनासा झाला. मी खरंच आभार मानले त्या पावसाचे.

देवगड बंदरात कशी शिरले ते मला नीट आठवत नाही. धक्क्यावर कुणीतरी दंडाला धरून वर ओढलं. वल्ह्यावरची बोटं त्यांना एकेक करून उघडावी लागली. फोनला रेंज आली तशी घरी फोन लावला. आईने उचलला आणि माझं काही ऐकून न घेता रडायलाच लागली.

अप्पा इगतपुरीला दवाखान्यात होते. दुपारी धरणात गेले होते, कपड्यांसकट. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, पोहणं सोडा, काठीशिवाय धड चालता येत नाही. गळ्यापर्यंत पाण्यात पोचले होते तेव्हा हल्लीच्या चौकीदाराने बघितलं आणि ओढून आणलं. त्याच्याशीही झटापट केली म्हणे, त्याला चावले.

कयाक देवगडलाच टाकून मी मिळेल त्या गाडीने निघाले. दवाखान्यात पोचले तर अप्पा कॉटवर बसलेले, माझ्याकडे एकटक बघत.  मग आईला म्हणाले, ‘हिला हात लावून बघ.’ आईने माझ्या गालाला हात लावला. मग कुठे बोलले.

‘काल वारा सुटला व्हता. मी वट्यावर बसलेलो. तर तू हाक मारली. धरणातून.’

‘काय म्हणून?’

‘अप्पा, वल्हं सुटलं माझं, या.’

एक सांगते. तोपर्यंत माझ्याबरोबर काय झालं ते मी कुणालाही बोलले नव्हते. आईला नाही, धक्क्यावरच्या माणसांना नाही, कुणालाच नाही.

मग मी सगळं सांगितलं. खडक, शर्ट, वल्हं सोड म्हणाला ते, आणि मी पाठ फिरवून निघाले ते.  शेवटी मी विचारलं, ‘अप्पा, मी समुद्रात आहे हे तुम्हाला माहीत होतं. मी वल्हं सोडणार नाही हेही माहीत होतं. कळलं नाही का तुम्हाला, की ती मी नाही?’

‘कळलं व्हतं.’

‘मग?’

‘मग काय मग? असली असतीस तर?’

 मी हिशोब करून जीव वाचवला होता. त्यांना तोच हिशोब बरोबर आला होता, तरी ते काठी टाकून पाण्यात उतरले. मी रडत होते तर म्हणाले, ‘तू बरं केलंस. तसंच करायचं.’ आणि कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं.

ज्यांना हे भास वाटतात त्यांचं मी आधीच ऐकून घेतलंय. माझ्या डॉक्टर मैत्रिणीचं म्हणणं, उन्हाने आणि मिठाच्या पाण्याने डोकं तसं करतं. मान्य. म्हाताऱ्या बापाला लेकीची काळजी, म्हणून त्यालाही ऐकू आलं. तेही मान्य. पण एकाच दुपारी, इतक्या लांब, दोघांनाही वल्ह्यावरूनच फसवायचं? ते कोणी ठरवलं? आमच्या भटजींनी त्र्यंबकला विधी करा सांगितलं, आईच्या समाधानासाठी तोही केला. फरक शून्य.

कारण माझ्या बाबतीत ते संपलंय, अप्पांच्या बाबतीत नाही. त्यांना हाक अजून येते. रोज नाही, वारा सुटला की. घर हलवू म्हटलं तर ऐकत नाहीत, नाशिकला आणलं तर दुसऱ्या दिवशी एसटी धरून परत. कयाक मी विकून टाकली, पाण्याच्या वाटेला जात नाही, तसं त्यांना शपथेवर सांगितलंय. ते म्हणतात, ‘मला म्हायती हाय गं.’ पण माहीत असण्याचा उपयोग किती, ते एकदा बघितलंय ना मी. म्हणून आता आमचं असं ठरलंय की हाक आली की त्यांनी आधी मला फोन करायचा. कंपनीत मोबाइल लाइनवर नेता येत नाही, मी मॅनेजरशी भांडून परवानगी काढली. कारण काय सांगितलं ते विचारू नका.

काल इकडे नाशिकलाही वारा होता. फोन वाजला.

‘कुठं हायेस?’

‘कंपनीत, अप्पा. सातपूरला. मशीनचा आवाज येतोय ना?’

 पलीकडे पाणी वाजत होतं, काठावर, आणि खूप जवळ.

‘अजून बोल,’ अप्पा म्हणाले. ‘ती पण बोलतीये. तू बोलत राह्य.’

डिपार्टमेंटच्या फोनवरून आईला काठावर पिटाळलं आणि मी बोलत राहिले. काय वाट्टेल ते... डब्यात काय आणलं, कोण रजेवर आहे, अप्पा मी इथे आहे, अप्पा मी इथे आहे. लाइनवरच्या पोरी काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. आई पोचली, ‘धरला गं हात’ असा तिचा आवाज आला, तोपर्यंत मी थांबले नाही.