म्हसोबाने निवडलेली बोट

आमच्या घराण्यात कुणालाही पोहता येत नव्हतं. आजही येत नाही, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. घाटावरच्या कर्जत तालुक्यात ज्या ओढ्याकाठी आमचं घर होतं, त्या ओढ्यात पोहायचं तर आधी पाणी शोधून आणावं लागलं असतं. अशा घरात, सत्तरनंतरचा तो मोठा दुष्काळ नुकताच सरला असताना, तीन महिने एकाच गोष्टीवरून वादावादी चालली होती: गोव्याला जायचं ते कोणत्या बोटीनं?

हे खूळ राहात्याहून आलं. माझी आत्या तिकडे दिलेली. तिकडे पाटाचं पाणी, पाण्यावर ऊस, आणि उसावर माणसांचं बोलणं. एका लग्नात आत्याच्या सासऱ्यांनी पंगतीत बसून, समोरचा भात पार गार होईपर्यंत, आपल्या मुंबई ते गोवा आगबोटीच्या प्रवासाचं वर्णन केलं. पाणी कसं, वारा कसा, आणि बोट कशी नवीकोरी पांढरी. शेवटी माझ्या आजोबांकडे वळून म्हणाले, "आबा, तुमी बी जाऊन या एकदा. न्हाईच झेपलं तर ऱ्हाऊ द्या."

आबांनी ताटातली बुंदी तशीच ठेवली. घरी आल्यावर फेटा खुंटीला लावायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "दोन वरसं पानी पानी करत काढली. आता एकदा पोटभर पानी बघायचं. समदी जायाची. धाकटं बी."

धाकटं म्हणजे माझा दीड वर्षाचा भाऊ. मी नऊ वर्षांची. मधली बहीण चार वर्षांची, आणि तिला दिसेल त्या गोष्टीला लोंबकळायची सवय. आबा, आजी, वडील आणि आई धरून आम्ही सात जण झालो.

या सातांपैकी समुद्राची सवय फक्त आईला होती. वडील तरुणपणी मोजणी खात्यात होते, दापोलीकडे जमिनी मोजता मोजता त्यांनी हर्णैची मुलगी करून आणली. गावात तिला 'समिंदराकडची' म्हणत, आणि तिच्या हातची आमटी खारट झाली की सगळ्यांना कारण आपोआप मिळे. लग्नानंतर ती एकदाच माहेरी गेली होती, माझ्या जन्माच्या वेळी. मग मुलं, मग दुष्काळ, मग आणखी काहीतरी. त्या पावसाळ्यात तिच्या भावाचं कार्ड आलं होतं. तिच्या आईचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यात सावल्या दिसत होत्या. 'तो जाण्याआधी एकदा येऊन जा,' एवढंच लिहिलं होतं. आईने ते कार्ड ज्वारीच्या डब्यात ठेवलं आणि रोज डबा उघडताना वाचलं.

वडिलांनी मुंबईच्या एका मित्राकडून बोटींचा छापील कागद मागवला. गोव्याच्या बाजूला दोन बोटी जात. नवी बोट पांढरी, मुंबईहून निघाली की थेट गोवा. जुनी काळपट, वाटेतल्या बंदरांवर थांबत थांबत जाणारी. त्या थांब्यांत हर्णै होतं. आईने भाकरी थापता थापता तो कागद एकदा पाहिला आणि पुन्हा परातीकडे वळली. आमच्या घरात सुनेने स्वतःहून माहेराचा विषय काढायचा नसे. कुणी विचारलंच तर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं. आणि विचारत कुणी नव्हतं.

आबांनी चष्मा लावून ओसरीवर त्या कागदावरची दोन्ही बोटींची चित्रं समोर ठेवली. आयुष्यभर त्यांनी बाजारात बैल पारखले होते, दुसरी कुठली पारख त्यांना येत नव्हती.

"वय काय म्हनायचं हिचं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?" वडील म्हणाले.

"ह्या पांढरीचं. चाल कशी हाय? मधीच बसत तर न्हाई?"

"आबा, बोट आहे ती. बैल नाही."

"बैल परवडला. बैल बुडत न्हाई."

वडील आता तालुका कचेरीत कारकून होते आणि प्रत्येक गोष्टीची बाजू मांडायची त्यांना खोड होती. लहान मुलं बरोबर असताना थेट बोटच बरी, असं त्यांचं म्हणणं. जुनी बोट प्रत्येक बंदरात उभी राहणार, उभी राहिली की जास्त डोलणार, माणसं चढणार-उतरणार, त्यात मधली कशाला लोंबकळेल नेम नाही. बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मला ते फार राग आणणारं वाटलं. आबांची अडचण निराळी होती. पांढऱ्या बोटीनं गेलो तर राहातेकरांच्या मागून गेल्यासारखं होणार, आणि काळ्या बोटीनं गेलो तर राहातेकर म्हणणार, कर्जतकडच्यांना जुनीच मिळाली.

तेवढ्यात आजीने बकरी काढली.

धाकट्याला दुसरं कुठलंच दूध चालत नसे. आमची एक तांबडी बकरी होती, तिचं दूध तो पिई, आणि तेही ती समोर उभी असेल तरच. "बकरी ज्या बोटीत बसंल, त्या बोटीत आमी बसू," आजी म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. वडिलांनी डब्यातली दुधाची भुकटी आणली. धाकट्याने ती त्यांच्याच सदऱ्यावर परत केली. शेवटी वडिलांनी बोटीच्या कचेरीला पत्र लिहिलं. कचेरीतल्या पत्रांची भाषा हाडात भिनलेली असल्यामुळे त्यांनी 'सदरहू बकरी' असा उल्लेख तीन वेळा केला. उत्तर आलं की नव्या बोटीत जनावर घेत नाहीत, जुनीत घेतात, मात्र उतारू म्हणून नाही, माल म्हणून.

"माल तर माल," आजी म्हणाली. "तिला काय समजतंय?"

आता दोन्ही पारडी सारखी झाली. तेव्हा आबांनी ठरवलं की बोट लागते कुणाला ते आधी बघू, मग बोलू. एका सकाळी त्यांनी बैलगाडी जुंपली, आम्हा सगळ्यांना आणि बकरीला तिच्यात बसवलं, आणि नांगरून ठेवलेल्या शेतात ढेकळांवरून गाडी हाकली. उभी, आडवी, मग गोल. निम्मं गाव बांधावर येऊन उभं राहिलं. आजी डोळे गच्च मिटून बसली होती आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत होती, "आला का गोवा?" मधली गाडीच्या साठ्याच्या दांडीला लोंबकळून खिदळत होती. धाकटा झोपला. बकरीने रवंथ केलं. चौथ्या फेरीत वडिलांनी गाडीच्या बाहेर मान काढली आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं. या परीक्षेवरून कोणती बोट निघते ते कुणालाच सांगता येईना, पण वडिलांची बाजू लंगडी पडली एवढं खरं. ते मात्र हट्टाला पेटले. थेट बोट, नाहीतर जाणंच नको, म्हणाले.

"मग देवाला इचारू," आबा म्हणाले.

आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता. शेंदूर फासलेला गुडघाभर दगड. बैल घ्यायचा, विहिरीची जागा धरायची, पोरगी द्यायची, काहीही असो, त्याला कौल लावायचा. पाण्याने ओली केलेली दोन फुलं त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवायची, मनातलं बोलायचं आणि बसून राहायचं. पहिलं फूल ज्या बाजूचं पडेल तो देवाचा शब्द. फुलं कुवारणीच्या हाताने लावायची, म्हणून मी गेले. दुष्काळात जगलेली एकच कण्हेर आमच्या दारात होती, तिची फुलं आईने ताटात आणली होती.

आबांनी गाऱ्हाणं घातलं. "बाबा म्हसोबा, उजवं पडलं तर पांढरी. डावं पडलं तर काळी. पोराबाळांचा जीव हाय, नीट बघून सांग." म्हसोबाने आयुष्यात ओढासुद्धा भरलेला क्वचितच पाहिला असेल.

आईने पदराआडून मला एक फूल दिलं. "हे उजवीकडं." मग दुसरं. "हे डावीकडं." मी लावली. डावं मी हात काढायच्या आतच पडलं. तीनदा विचारायचं असतं, म्हणून आईने डावीकडे पुन्हा फूल दिलं, पुन्हा पडलं, आणि तिसऱ्यांदाही पडलं. उजवं जागचं हललं नाही. वडिलांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, हळूच फुंकरही मारली. अंधश्रद्धा ते मानत नव्हते, पण म्हसोबाविरुद्ध अर्ज कुठल्या कचेरीत करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परत येताना मी बोटं चाटली. गोड लागली. आई पुढे चालली होती, ताट दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि एकदाही मागे बघत नव्हती. तेव्हा मला काही उमगलं असं म्हणणं खोटं होईल. देवाजवळ सगळंच गोड असतं, एवढंच मला वाटलं.

उजवं फूल चार दिवस तिथेच होतं. आजीने गावभर सांगितलं, लोक बघून गेले. पाचव्या दिवशी आबांबरोबर मी शेतात गेले तर दगडावर तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती, खालपासून थेट उजव्या फुलापर्यंत. आबा उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मग उपरण्याच्या टोकाने दगड स्वच्छ पुसला आणि फूल ओढ्यात टाकलं.

"आबा, मुंग्या कशाला आल्या?"

"येत्यात," ते म्हणाले, आणि वाटेला लागले.

वडिलांनी काळ्या बोटीची तिकिटं काढली. आईला म्हणाले, "हर्णैला थोडा वेळ थांबते बोट. तुझ्या आईला पडावाच्या होडीत बसवून आणायला सांग, वरूनच भेट होईल. मुलांना घेऊन खाली उतरायचं नाही." आईने कार्ड टाकलं. त्या दिवसापासून ती भाकऱ्या करताना गुणगुणायला लागली. मला ते ऐकून रडू यायचं आणि का ते कळत नव्हतं.

बोटीत आजीने चढल्याबरोबर डोळे मिटले. बकरी शिंगाला पाटी बांधून खाली पोत्यांत गेली, आणि धाकट्याला दर दोन तासांनी तिच्या दर्शनाला न्यावं लागलं. वडिलांना बोट लागली तेव्हा ती अजून धक्क्याला बांधलेली होती. आबा मात्र कठड्याला धरून उभे राहिले. तासाभराने म्हणाले, "एवढं पानी, आन प्यायाला घोटभर न्हाई. आपलंच बरं हुतं."

उन्हं कलताना हर्णै आलं. तिथे बोट किनाऱ्याला लागत नाही, लांब पाण्यात उभी राहते आणि माणसं न्यायला पडाव येतात. आई केव्हाची कठड्याशी होती, नवं लुगडं नेसून. पहिल्या पडावात मामा उभा होता. एकटा.

"आईला पडावात चढता येईना गं," तो खालून ओरडला. "दिसतच नाही आता काही. तिथं वाळूत बसलीय बघ."

किनाऱ्यावर एक पांढरा ठिपका होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. कठडा धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. पडावातली माणसं घाई करत होती.

आबा तिच्याजवळ गेले. एरवी ते तिला 'सूनबाई' म्हणत, अहोजाहो करत.

"उतर, पोरी," ते म्हणाले. "पोरं घे. बकरी बी घे."

वडील आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "आबा, लहान मुलं आहेत, पडावात..."

"तू झोप," आबा म्हणाले. मग आवाज खाली आणून आईला म्हणाले, "आमी गुरवारी माघारी फिरतो. पडावात दिसलीस तर घेऊ. न्हाई दिसलीस तर उजवं फूल अजून चिकटून हाय, असं समजू."

आईने चमकून वर पाहिलं.

"गूळ जरा कमी लावायचा," आबा म्हणाले. "देवाला लई मुंग्या झाल्या हुत्या."

धाकट्याला त्यांनीच उचलून खाली मामाच्या हातात दिला. मग मधली, तिची बोटं कठड्यावरून एकेक सोडवून. मग मी. बकरी चौघांनी मिळून उतरवली आणि ती सबंध बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली. वाळूत बसलेल्या म्हातारीने त्या ओरडण्यावर मान वळवली. आईने जवळ जाऊन नुसतं "आई" म्हटलं. म्हातारीने दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, हनुवटी, आणि म्हणाली, "वाळलीस."

गुरुवारी दुपारी परतीची बोट आली. आम्ही मामाच्या अंगणात होतो, तिथून समुद्र दिसत असे. आई तिच्या आईच्या डोक्याला तेल लावत होती. बोट उभी राहिली. तिने भोंगा दिला, मग पुन्हा दिला, मग तिसऱ्यांदा. बकरी उठून उभी राहिली. आईने वाटीत बोटं बुडवली आणि डाव्या बाजूचे केस पुढे घेतले.