लंकाबाईची ताल

तळेघरच्या लंकाबाईच्या पोटात एकाच गोष्टीनं दुखायचं, ती म्हणजे धाकट्या जावेचं, साळुबाईचं, भातखाचर. वाटणीच्या वेळी थोरली म्हणून निवड हिचीच होती. खालचं टीचभर खाचर सोडून हिनं कड्याखालचं ऐसपैस तांबडं रान घेतलं. आता तिकडं भात डोलताना दिसला की हिला घास गोड लागायचा नाही. इकडं नुसती नाचणी, तीही किडकिडीत. बरं, दोष द्यायचा तरी कुणाला? त्यानं तर आणखीच जळायचं.

त्यात माती तपासायला आलेली अश्विनी नावाची पोर बोलून गेली, "काकू, तुमच्या माथ्यावरचा कातळ झिजतो, त्याचीच ही माती. पण इथं पाऊस लई. चुना, पोटॅश पाण्यात विरघळून खाली जातं. मागं लोखंड राहतं, ते गंजतं, म्हणून रान तांबडं."

"आन् खाली जातं ते कुठं थांबतं?"

पोरीनं साळुबाईच्या काळ्याभोर खाचराकडं बोट केलं.

झालं! डोंगर आपल्या डोक्यावर, झीज आपल्या रानाची, आणि कणगी भरतेय जावेची! लंकाबाईनं अख्खा उन्हाळा दगड वाहून रानाच्या खालच्या अंगाला कमरेएवढी ताल रचली. अशा दगडी बांधाला लोक पाणी जायला वाट ठेवतात. हिनं ठेवली नाही, उलट फटीसुद्धा चिखलानं लिंपल्या. विरघळून जातंय ना? मग पाणीच जाऊ द्यायचं न्हाई.

आषाढात झड लागली आणि तालीमागं तळं झालं. नाचणी पिवळी पडू लागली. नाचणीला पायाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण जळफळाटापुढं अक्कल कुठली सुचायला! शेवटी साळुबाईच पहार घेऊन वर आली.

"बाई, ताल फोडा. वर्साचं खाणं सडंल."

"ताल फुटली तर तुझं बरंच व्हईल की."

"व्हईल," साळुबाई म्हणाली. "म्हून काय तुमची नाचणी सडू द्यायची?" आणि ती तालीला भिडली.

लंकाबाईनं तिच्या हातातली पहार हिसकावली. हिचे उपकार तर मुळीच नकोत. तिनं स्वतःच दगड उचकटले. पाणी धो धो सुटलं आणि सरळ साळुबाईच्या खाचरात शिरलं.

नाचणी वाचली. पण त्याचा आनंद लंकाबाईला झालाच नाही. आपल्याच हातानं आपण हिचं खाचर भरलं, एवढंच तिला दिसत होतं.