आईची गोळी आणि गुरुदासचा कौल

माझी सासू प्रभावती, आम्ही तिला आईच म्हणतो, पेडण्याच्या बाजारात अबोलीच्या माळा विकायची. तोंडाची फटकळ. कुणी घासाघीस केली की म्हणायची, "जा गो, प्लास्टिकची फुलं माळ!" तिच्या हृदयात धातूची झडप बसवलेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. पुढे मोतीबिंदू पिकला, दोरा दिसेना, आणि ती सगळ्या घरावर करवादू लागली. मला डोळा हवा, एवढंच तिचं म्हणणं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "ऑपरेशनसाठी गोळी बंद करायची नाही. रक्त तपासून घेऊ. डोळ्यात थेंब घालून बधिर करू, सुई नको. गोळी थांबली तर झडपेवर गुठळी होईल आणि मेंदूत जाईल." आणखी किती सोपं करून सांगायचं माणसानं?

पण आमचा गुरुदास! नवऱ्याचं नाव घेऊनच सांगते, मान केव्हाच संपला. हा तुयेच्या कारखान्यात कामाला, तिथं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की रक्त पातळ असलं तर डोळा रक्तानं भरतो. झालं! डॉक्टरांना एक फोन करायचा सोडून हा शहाणा देवळात गेला. कौल घ्यायला भटजींकडून देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावून घेतल्या आणि विचारलं, गोळी थांबवू? उजवी पाकळी पडली, म्हणजे देव हो म्हणाला. घरी येऊन यानं गुपचूप डबीतली गोळी काढली आणि तिथं ताकदीची ठेवली. तिला कुठे दिसत होतं! मलाही पत्ता लागू दिला नाही.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. सकाळी चहा पिताना आईच्या हातून कप पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. आम्ही तिला तशीच गाडीत घातली.

हॉस्पिटलात रक्त तपासून डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी थांबवली?" हा हात जोडून म्हणतो, "कौल झालेला, डॉक्टर. देवाची इच्छा."

"मेल्या, देवाच्या माथी मारतोस?" मी ओरडले. खाटेवर आईनं डावा हात उचलला, बोट त्याच्यावर रोखलं. शब्द फुटत नव्हता, तरी सगळा जीव एकवटून म्हणाली, "तू."

आता तिला गोळी मीच देते. गुरुदास एकदा पाण्याचा पेला घेऊन पुढे आला, तर तिनं दात घट्ट मिटून घेतले. त्याच्या हातचं पाणी ती आजही पीत नाही.