कंट्रोलच्या फोनवर वाजलेले चार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे घड्याळ आणि नियम सोडून कशावर विश्वास ठेवायची सवयच नव्हती. तरी हे लिहितोय, कारण हे ऐकीव नाही... माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

नामांतराची चळवळ चालू होती, त्या वर्षांतली गोष्ट. परभणी जिल्ह्यात, चुडाव्याच्या बाजूला एका लहानशा स्टेशनवर मी असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. तेव्हा मीटरगेज होती. रोज दुपारी चारला कंट्रोलच्या, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या मुख्य ऑफिसच्या, फोनवरून टाइम यायचा. कंट्रोलर "चार वाजले" म्हणाला की लाइनवरच्या सगळ्या स्टेशनांनी आपापली घड्याळं लावायची. कंट्रोलची वेळ ती खरी, त्यावर वाद नाही.

त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. माझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलेलं. फोनची घंटा वाजली. उचलला, तर बाईचा आवाज — शांत, आपल्याच भागातला.

"मास्तर, चार वाजलेत. तुमचं घड्याळ मागं राह्यलंय. लावून घ्या."

कंट्रोलला तेव्हा बाई नव्हती. नवीन आली असेल, असं वाटलं. खुर्चीवर चढलो आणि काटा अर्धा तास पुढं केला.

आमचा पोर्टर ज्ञानोबा पूर्णेकडं जाणारी पावणेचारची पॅसेंजर गेल्यावरच चहाला क्वार्टरवर जायचा. चार वाजले तरी गाडीचा पत्ता नाही, म्हणून मी म्हणालो, "गाडी लेट दिसतेय. तू चहा पिऊन ये."

"बरं, मास्तर," म्हणाला आणि गेला.

थोड्याच वेळात पलीकडच्या स्टेशनवरून गाडी सुटल्याचं कळलं. गाडी आत घ्यायला सिग्नल मीच पाडला. गाडी फलाटाला लागली आणि ज्ञानोबा क्वार्टरकडून धावत आला... दोन्ही हातांवर बायको. कलावतीला सातवा महिना होता. लुगडं रक्तानं भिजलेलं.

"मास्तर, गाडी थांबवा... उंबऱ्यात पडली होती. बोलंना झालीय."

गाडी थांबवली. गार्डच्या डब्यात दोघांना चढवलं. पूर्णेला जाणारी त्यानंतरची गाडी थेट रात्री होती.

गाडी गेली आणि फोन वाजला. नेहमीचा कंट्रोलर. "चार वाजले."

माझ्या घड्याळात साडेचार. "साहेब, टाइम मघाशीच दिलात ना? बाई बोलल्या."

"कोण बाई? टाइम आत्ता देतोय मी."

लाइनवरची बाकीची स्टेशनं हसली. त्या फोनवर एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं, पण मघाचा आवाज कुणीच ऐकला नव्हता. मी काटा मागं घेतला.

कलावती वाचली. मूल मात्र गेलं. पूर्णेचे डॉक्टर ज्ञानोबाला म्हणाले, अजून तासभर गेला असता तर हीही हाती लागली नसती.

ती घरी आल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. कलावतीनं विचारलं, "आवाज कसा होता, मास्तर?"

"शांत. वयस्कर बाईचा."

"पडल्या पडल्या मी मायलाच हाका मारायले होते. ती जाऊन लय वर्सं झाली."

मग स्वतःच मान हलवून म्हणाली, "पर न्हाई... माझ्या मायला घड्याळ कळत नव्हतं."